पोलादाचं अंगडं

आबा, काल दुपारी जेवून डोळा लागला आणि तुम्ही दिसलात. साखर कारखान्याचं गाळप संपलं की बॉयलर थंड व्हायचा आणि त्याच्या नळ्यांतला क्षार खरवडून तुम्ही कागलहून घरी यायचात, तसेच. त्या भुकटीनं भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी. मी सातवीत आहे, दारात उभी राहून हसते आहे. "समदं काढता व्हय?" मी विचारते. तुम्ही चूळ भरता, सावकाश. "समदं न्हाय, बाय. जाड थर काढायचा. तळाचा बारीक पापुद्रा ऱ्हाऊ द्यायचा. लोखंडाचं अंगडंच हाय ते." मग कितीतरी दिवस मला अंगडी घातलेल्या नळ्या ओळीनं झोपलेल्या दिसायच्या.

पुढं मी त्या पापुद्र्याचीच इंजिनिअर झाले. विहिरीतून तेलाबरोबर खारं पाणी येतं, दाब उतरला की त्यातला कार्बोनेट नळीत आतून बसतो. फार साचला तर नळी कोंडते, पातळ आणि घट्ट बसला तर पोलादाला गंजू देत नाही. परीक्षेत हे लिहून मी पहिली आले. आधी कुणाकडून ऐकलं होतं, ते कधी कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. गुजरातेत तेलाच्या एका नळीत क्षार दाटला. मी ती ॲसिडनं पार धुवायला सांगितली. तिथला फिटर आपल्याच भागातल्या कोडोलीचा, तुमच्याच वयाचा. चारचौघांत म्हणाला, "बाई, एवढं चकचकीत करू नगासा. पोलाद उघडं पडतंय की." बाकीचे इंजिनिअर हसले, त्यांच्याबरोबर मीही हसले. काही महिन्यांत नळीला भोकं पडली. चौकशीत मी लिहून दिलं, फिटरनं ॲसिड जास्त वेळ ठेवलं. त्या फिटरना कामावरून काढलं. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. रागावले नव्हते, हेच अजून सोसत नाही. "बाई, तुमी आमच्याकडच्या वाटताय. गाव कंचं?"

मी म्हटलं, पुणे.

तुम्ही तेव्हा होतात, आबा. मी दिवाळीला घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "काम बरं चाललंय न्हवं?" मी हो म्हटलं आणि तुम्ही केवढे खूश झालात.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ते तुमच्यासारखं बोलत होते, आणि मला त्याची लाज वाटली.