माझी मोटरसायकल, तिचे दोन आरसे आणि कुणाला काय

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी (परीक्षा दिली, निकाल आणायला गेलो नाही), काम पार्सल कंपनीची पार्सलं मोटरसायकलवरून पोचवणे, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी काही प्यायलेलो नाही आणि कुणी माझ्या मानगुटीवर बसून हे लिहून घेत नाही. तब्येत उत्तम आहे. मरायची घाई नाही. तरी लिहितोय, कारण कंपनीच्या फॉर्मवर ‘वारसाचे नाव’ यापुढे एकच ओळ सोडली होती आणि माझं म्हणणं त्या ओळीत मावेना. नोंदणीच्या बाईंनी चार कोरे कागद माझ्यापुढे टाकले. म्हणाल्या, “घे बाबा, काय ते सगळं यात ओत. पण कलमं घाल.”

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असलंच तर ते रद्द.

कलम पहिले. बँकेत माझ्या नावावर जे निघेल ते सगळं आईचं. आकडा लिहीत नाही, कारण हा कागद आईच्या आधी मामा वाचतील.

कलम दुसरे. पाने, पक्कड, हातकरवत, कानशी आणि लाकडी पेटी खोलीतल्या सोबत्याला, म्हणजे डुलक्याला. तो उभ्या उभ्या झोपतो, पण वस्तू जागेवर ठेवतो. निळं हेल्मेट त्याला द्यायचं नाही, कुणालाच द्यायचं नाही. ते एकदा रस्त्यावर आपटलंय. बाहेरून चकचकीत दिसतं, आतून मेलेलं आहे. त्यावर हातोडा घालावा आणि मगच फेकावं, नाहीतर कुणीतरी उचलून डोक्यात घालेल.

कलम तिसरे. खाटेखालच्या खोक्यात आरसा नंबर एक आहे. तो आईला. याची हकीकत लिहावी लागेल, नाहीतर पोरानं मरताना फुटका आरसा पाठवला असं वाटेल.

मोटरसायकलच्या आरशात माणसाला मागचा रस्ता दिसतो असा समज आहे. अर्ध्या आरशात स्वतःचं कोपर दिसतं. उरलेल्या अर्ध्यात बरंच मागचं दिसतं. पण आपल्या बगलेला, जेमतेम तीन हातांवर, एक जागा अशी असते की तिथे अख्खी गाडी आली तरी आरशात येत नाही आणि समोर बघणाऱ्या डोळ्यांनाही दिसत नाही. आम्ही तिला आंधळा कोपरा म्हणतो. आमच्या कंपनीत तर हा कोपरा रोज पिकवला जायचा. आवार लहान, गाड्या एकशे ऐंशी. रात्री उभ्या केल्या की आरसे एकमेकांत अडकायचे, म्हणून मुकादमांचा हुकूम होता की संध्याकाळी सगळ्यांनी आरसे काढून टोपलीत टाकायचे. सकाळी टोपलीतून हाताला लागेल तो उचलायचा, दोन वेढे फिरवायचे आणि पळायचं. सहा फुटी माणसाच्या गाडीवर ठेंगण्याचा आरसा. कुणाला आभाळ दिसायचं, कुणाला स्वतःच्या मिशा.

माझ्या डोक्यात आलं की अख्खा आरसाच फुगीर काचेचा केला तर सगळं जग त्यात मावेल. मालवाहू गाडीच्या फुटक्या आरशातून काच कापून घेतली आणि बसवली. मावलं जग! दोन्ही बाजूंची दुकानं, मागचा चौक, सगळं. आठ दिवस राजासारखा फिरलो. नवव्या दिवशी आरशात एक टेम्पो दिसला, काडेपेटीएवढा. म्हटलं, अजून लांब आहे, आणि वळलो. तो लांब नव्हता. फुगीर काच सगळं दाखवते, पण लहान करून, लांब ढकलून दाखवते, हे मला गळपट्टीचं हाड मोडून समजलं.

तो हा आरसा. आईनं तो स्वयंपाकघरात ओट्यावर टांगावा. पाठमोरी असतानाही डब्याला कोण हात घालतंय ते तिला दिसेल.

कलम चौथे. आरसा नंबर चौदा, म्हणजे जो जमला तो. त्याचा साचा आणि वहीतली चित्रं काचवाल्याला द्यावीत. माझा हात गळ्यात बांधलेला होता त्या दिवसांत त्यानं तेरा वेळा काच कापून दिली आणि तेरा वेळा म्हणाला, “तू माझा काच कापायचा हिराच झिजवणार.” अट एकच. जो मेकॅनिक विचारेल त्याला तो दाखवायचा, कुलूप घालायचं नाही.

करायचं ते असं. दांडी चार बोटं लांब आणि बाहेर झुकलेली, म्हणजे कोपर आरशाच्या वाटेतून हटतं. मोठी काच सपाट. तिच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात रुपयापेक्षा थोडी मोठी गोल फुगीर काच. गोल काचेला एवढंच विचारायचं की बगलेला कुणी आहे का. किती लांब आहे ते तिला विचारायचं नाही, ते सपाट काच सांगते. आणि मान वळवून एक नजर टाकायची ती टाकायचीच, आरसा मानेला सुट्टी देत नाही. दांडीच्या बुडाशी बिजागरी, बिजागरीत एक खाच. रात्री आरसा आत मिटवायचा, सकाळी उघडला की टक्‌ करून खाचेत बसतो, काल होता तिथेच, केसभर इकडे तिकडे नाही. म्हणजे टोपली गेली. ज्याची कोपरं त्याचा आरसा. लावताना माणसाला गाडीवर बसवून कोपर ते कोपर माप घ्यायचं, अंदाजानं लावायचं नाही.

अक्कल कुठून आली ते प्रामाणिकपणे लिहितो. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, न्हावी आहेत. केस कापून झाले की ते गिऱ्हाइकाच्या मागे हातातला आरसा धरतात. गिऱ्हाईक मान वाकडी करतं आणि अप्पा ओरडतात, “डोकं जागेवर ठेवा, आरसा मी हलवतो.” हे वाक्य मी लहानपणी हजारदा ऐकलं आणि दुकानातून पळून इतक्या लांब आलो. हात गळ्यात बांधून पडून असताना ते अचानक कानात वाजलं. फोनवर सांगितलं तर अप्पा म्हणाले, “इथे खुर्चीशी उभं राहून तुला आरसा दिसला नाही. तिकडे जाऊन दिसला होय?”

कलम पाचवे. आवाराचे मुकादम. हे माझ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि बाई सांगतात की साक्षीदाराला काही देऊ नये. म्हणून यांना काही नाही, माझा नाइलाज आहे.

त्यांनी माझ्या आरशाला दोन महिने ‘कान’ म्हटलं. “काय रे, आज कानांची गाडी कुठे चालली?” पाचसहा जणांनी माझ्याकडून तसेच आरसे बसवून घेतले, तेव्हा सुरक्षेच्या साहेबांकडे तक्रारही केली. साहेब म्हणाले, “बुधवारी सगळ्यांसमोर तपासू. चुकला तर ज्यांनी ज्यांनी हे लावलेत त्यांचे काढायचे आणि हा पार्सलं चढवायला खाली.” मी म्हटलं, “चालेल. पण गाडीवर मुकादमांनी बसायचं.”

बुधवारी अकरा वाजता सगळं आवार गोळा झालं. साहेबांनी खडूनं रेघा मारल्या. आधी जुने आरसे. मुकादम बसले, दोघांनी त्यांचं हेल्मेट धरलं, मान वळू नये म्हणून. मागून चाळीस वेळा कधी टेम्पो यायचा, कधी सायकल, कधी कुणीच नाही.

“उजवीकडे कोण?” मी विचारलं.

“कुणी नाही.”

“नीट बघा, मुकादम.”

“अरे, कुणी नाही म्हणतो ना! मी काय आंधळा आहे?”

ट्रिंग ट्रिंग. साहेब स्वतः सायकलवर, त्यांच्या मांडीशी. अख्खं आवार हसून हसून खाली बसलं. चाळीसपैकी तेरा हुकले.

मग मी त्यांची कोपरं मोजली आणि नंबर चौदा लावला. मुकादम रागातच बसले. टेम्पो ओळखला. कुणी नव्हतं तेही ओळखलं. दहा, वीस, तीस. आवाज चढत गेला. शेवटी शेवटी तर मी विचारायच्या आधीच ते ओरडायला लागले. “सायकल! साहेब! साहेब, बुटाची नाडी सुटलीय तुमची!” चाळीसपैकी चाळीस. लोकांनी मला उचललं. मग मुकादमांनाही उचललं, ते मला पटलेलं नाही, पण होऊ दिलं. त्यापुढच्या सोमवारपासून एकशे ऐंशी गाड्यांना नंबर चौदा लागतोय आणि बसवण्याच्या कामावर देखरेखीला मी आहे. टोपलीत आता बायका भाजी नेतात. मुकादम स्वतःच्या गाडीला हात लावू देत नाहीत, म्हणतात, “माझे कान माझ्या मापाचे आहेत.”

कलम सहावे. माझी स्वतःची मोटरसायकल, आरशांसकट, धाकट्या बहिणीला.

~~माझ्या मृत्यूनंतर~~

वरचे शब्द मीच खोडले आहेत, शेजारी सही केली आहे. कारण असं. धाकटी परिचारिका आहे. घरोघरी जाऊन जखमा बांधण्याच्या कामावर दवाखाना तिला कायम घ्यायला तयार आहे, पण येत्या पहिल्या तारखेला स्वतःचं वाहन हवं, नाहीतर जागा दुसरीला. आणि माझं हाड मोडलं त्या दिवशी अप्पांनी सांगून टाकलं होतं, “या घरातलं कुणी आता दुचाकीवर बसणार नाही.” अप्पांच्या शब्दापुढे आई बोलत नाही. म्हणून मी ठरवलं की मेलेल्या पोराची इच्छा ते मोडणार नाहीत.

बाईंनी हे कलम वाचलं आणि चष्मा काढला.

“अरे, मृत्युपत्रातलं माणूस मेल्यावर मिळतं. तिला नोकरी पहिल्या तारखेला हवी. तू तोवर मरणार आहेस का?”

“विचार नाही.”

“मग मेल्यावरचा हट्ट जिवंतपणी कर की. बापाला फोन लाव.”

लावला, बाईंसमोरच. बुधवारचं सगळं सांगितलं, साहेबांच्या नाडीसकट. अप्पा हसले नाहीत. मग म्हटलं, “अप्पा, गाडी तिच्या नावावर करतोय. आपल्याच कंपनीच्या ट्रकमधून पाठवतो. आरसे मी इथूनच बसवून देईन, पण तिचं माप लागेल. कोपर ते कोपर, दोन्ही हात पुढे धरून, हँडल धरल्यासारखे. तुम्ही घेतलं तरच बरोबर येईल.” पलीकडे कात्री चालू होती, ती थांबली. फोन बंद झाला.

गाडीचं बक्षीसपत्र बाईंनी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं आहे. अप्पा नाही म्हणाले तर कलम सहावे खोडलेल्या शब्दांसकट पुन्हा जिवंत करावं.

कलम सातवे. माझ्यामागे ‘मी सांगत होतोच’ हे वाक्य कुणी बोलू नये. मामांनी विशेषतः.

सह्या करण्याआधी जोडलेला मजकूर. आत्ता पावणेतीनला अप्पांचा फोन आला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. म्हणाले, “लिहून घे. सव्वीस इंच. तिला दुकानातल्या खुर्चीवर बसवून दोनदा मोजलंय, काट्यावर काटा. आणि आरसे जपून बांध, वाटेत फुटायला नकोत.” मागे धाकटी ओरडत होती, “दादा, रंग कुठलाय रे गाडीचा?”

म्हणून कलम सहावे पूर्ण रद्द. गाडी आता माझी नाही. बाकी सर्व कायम.

ठिकाण: पार्सल कंपनीची कचेरी, आवाराकडच्या खिडकीजवळचं टेबल
दिनांक: १४ मार्च २०२६, शनिवार, दुपारी तीन

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: नोंदणीच्या बाई (सही). यांनी हे डोळ्यांदेखत लिहिलेलं पाहिलं.
साक्षीदार २: आवाराचे मुकादम (सही). यांनी कलम पाचवे दोनदा वाचलं, “चाळीसपैकी चाळीस ठळक अक्षरात लिही” म्हणाले आणि मग सही केली.