पाचशे तेहेतीस मीटर

१ फेब्रुवारी, रविवार
स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: तळ्याच्या बागेतल्या झाडांच्या लाकडी पाट्या, अकरा. पक्ष्यांच्या पाण्याचं स्टँड. शहरातल्या सात बागांचा नकाशा, शाईने. कोणाकडे शिकायला गेलो नाही.
आज पाट्या माळ्याच्या खोलीत दिसल्या, फावड्याखाली. वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी उतरवायला लावल्या म्हणे. चार नावं चुकीची. शिरीषावर मी गुलमोहर लिहिलंय. लिहिलं तेव्हा झाडावर फूल नव्हतं. यात दोष झाडाचा.
बाई निवृत्त शिक्षिका. दर रविवारी तीस माणसांना बाग आणि मागची टेकडी दाखवतात. हे काम माझं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण होतं.
सूड घ्यायचा. शांतपणे.

३ फेब्रुवारी
बाईंच्या पत्रकात छापलंय: फेरी तीन किलोमीटर. सापडल्या.
मोजणीचं चाक बनवलं. जुन्या सायकलचं चाक, दांडा, दर फेऱ्याला वाजणारी घंटी. दोरीने परीघ घेतला, २०७ सेंटिमीटर. मग टायर काढून टाकलं. रबर दबतं, माप चुकतं. मेहुणा म्हणाला, पण भाऊजी, टायर... त्याला म्हटलं, तू तुझं ऑफिस सांभाळ.

५ फेब्रुवारी
१७०७ फेरे. ३ किलोमीटर ५३३ मीटर ४९ सेंटिमीटर. बाई लोकांना अर्धा किलोमीटर फसवून चालवतायत. म्हाताऱ्या गुडघ्यांचे तळतळाट लागतील. घंटीमुळे दोन कुत्री शेवटपर्यंत मागे होती.
बागेच्या अधिकाऱ्यांना चार पानी अर्ज दिला. मागण्या दोन: बाईंची जाहीर माफी, माझ्या पाट्या जागेवर.

८ फेब्रुवारी, रविवार
त्याच वेळी, त्याच फाटकातून माझी ‘अचूक फेरी’ ठेवली. आला एकटा मेहुणा. तोही तळ्यापाशी थांबला, चप्पल चावते म्हणून. वीस मिनिटांनी टेकडीवर बाईंच्या घोळक्यात दिसला, चांगला तरातरा चालताना. शेजारी माझी बायको.
घरी जाब विचारला. म्हणाली, अहो, तिथे काही नवीन कळतं.
अबोला धरला. संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

११ फेब्रुवारी
अधिकाऱ्यांनी बोलावलं. बाईही होत्या. मैदानात शंभर मीटरची आखलेली रेघ आहे, तिच्यावरून चाक चालवायला सांगितलं. चाकाने ११८ दाखवले. मी स्पष्ट सांगितलं, मैदान चुकलंय.
बाईंनी चाकाची कड चाचपली. हळूच विचारलं, परीघ टायरसकट घेतला होतात का? उत्तर द्यायला मी बांधील नव्हतो.
हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं.

१२ फेब्रुवारी
चाकाला टायर चढवून पाहिलं. फक्त पाहिलं.

१३ फेब्रुवारी
माळी अधिकाऱ्यांचा निरोप घेऊन आला. अकरा पाट्या घासून त्यांवर बाई देतील ती नावं माझ्या अक्षरात लिहायची. फाटकावर बारावी: ‘फेरी ३ किलोमीटर’. कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं नाव चालेल, बारीक. बायको म्हणाली, अहो, हो म्हणून टाका.
साफ नकार दिला.
बारा पाट्या, पाटीमागे दीडशे रुपये देणार म्हणे. अठराशे. पुन्हा गुणून पाहिलं. अठराशेच.