तिसऱ्यांदा कापलेली फीत

प्रिय कासुबा,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून हे पाकीट तसंच चुलीत टाकावंसं वाटेल. टाक, पण आधी वाच.

इकडे कित्वेत सरकार बदलल्यापासून आपलं ते वाक्य पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. मिनिबसच्या मागेसुद्धा रंगवलंय: "साहेब, तिसऱ्यांदा फीत कापताय, एकदा नळाला पाणीही सोडा की!" रेडिओवरच्या आपल्या नाटुकल्यात टोमॅटोवाली होऊन तू ते असं ठसक्यात म्हणालीस, की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक पोट धरून हसला. जेवणासाठी मक्याच्या पिठाचा न्शिमा घोटताना मला ते सुचलं आणि पिठाच्या पिशवीवर मी ते लिहून ठेवलं, हे फक्त तुला ठाऊक होतं.

मग ज्याला ते वाक्य झोंबलं त्या मंत्र्याची माणसं काठ्या घेऊन रेडिओ केंद्राच्या फाटकाशी आली. केंद्राच्या साहेबांनी आपल्या दोघींना आत बोलावून विचारलं, "हे कुणाचं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "कागदावर नव्हतं. हिनंच ऐन वेळी घुसडलं." तू माझं नाव सांगितलं नाहीस. मला सातवा महिना होता, हे कारण मी आजवर स्वतःला सांगत आले. त्या काठीवाल्यांनी मासळीबाजारात तुझ्या आईचा ठेला उलथवला, तिचा हात मोडला, ते मात्र मनातही येऊ दिलं नाही. तुम्ही दोघी कासामाला निघालात, तेव्हा मी बसस्थानकावरही आले नाही.

आता नव्या मंत्र्यांना त्या वाक्याच्या लेखिकेचा सत्कार करायचाय. तेच साहेब परवा हसत म्हणाले, "आता तरी कबूल कर बाई, तूच ना ती?" आणि कासुबा, मी चटकन हो म्हणाले. पेपरात फोटो आला. काल बाजारात एका म्हातारीनं मला अडवलं. "तू लिहिलंस, तर मग त्या पोरीला गाव का सोडावं लागलं गं?" मासळी न घेताच मी घरी आले.

सत्कार मी नाकारलाय. शनिवारी सकाळी रेडिओवरच्या थेट कार्यक्रमात, त्या दिवशी मी काय बोलले ते सांगणार आहे. कासामापर्यंत ऐकू जाईल. लोक तुझ्या दारात येतील, जुनं उकरतील. म्हणून हे पत्र. तुझं नाव यायला नको असेल, तर शुक्रवारपर्यंत कित्वेला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे निरोप धाड, मी ते घेणार नाही. माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला. मागच्या वेळी तुझं नाव मी तुला न विचारता पुढे केलं होतं. या वेळी विचारते आहे.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
चिसेंगा