मिनिटभर शांतता

मंगळवार, संध्याकाळ

"मी पन..." परवा शूटिंगच्या शेवटी गंगव्वा एवढंच म्हणाल्या आणि मी ओठांवर बोट ठेवलं. एडिटिंगला लागते म्हणून खोलीतली मिनिटभर शांतता रेकॉर्ड होत होती. त्याआधी दोन तास मी त्यांना फक्त गिरणीच्या संपात जेलात गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारलं. त्या विड्या वळत सांगत राहिल्या.

मिनिट संपल्यावर विचारलं, काय म्हणत होतात?

"काय न्हाय गं. तुज्या कामाचं नव्हतं."

आणि मी लाइट आवरले. विसरलेल्या माणसांवर फिल्म करते म्हणे मी. ते बोट का ठेवलं?

आज भवानी पेठेत त्यांच्या घरी पुन्हा गेले, तेच विचारलं. "इसरले की," म्हणाल्या.

आता नवऱ्याच्या गोष्टीतल्या फटी बुजवायला तीच शांतता वापरायची आहे. त्यांचे दोन शब्द कापून.