सहा खुर्च्यांचा ओटा

४ ऑक्टोबर

मागच्या दाराबाहेरच्या चिखलानं आज माझी डावी चप्पल गिळली. गिळली म्हणजे गिळलीच – वर ढेकरही दिला! काठी घालून ढवळलं, तर हाती लागला कपडे वाळत घालायचा एक चिमटा. लंगडी घालत आत आले. ताई खिडकीतून बघत होती. हसली नाही. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

"माझ्या चपला घाल नि जा ऑफिसला. आणि मागे ओटा बांधायचाच आता. फरसबंदी."

ताईच्या चपला मला मोठ्या होतात. दिवसभर फटाक फटाक. साहेबांच्या केबिनमध्ये माझ्याआधी माझा आवाज पोचला.

५ ऑक्टोबर

अंदाजपत्रक मी करायचं ठरलं. घरात आम्ही दोघीच, दोघी बिनलग्नाच्या. एक बालवाडीत गाणी म्हणून निवृत्त झालेली, दुसरी लोकांच्या खर्चाची बिलं नामंजूर करून पगार घेणारी. मग कोण करणार? ऑफिसात मला 'कात्री' म्हणतात. मला ते माहीत नाही, असं त्यांना वाटतं.

८ ऑक्टोबर

गवंडी आला. हातात टेप नाही!

"फुटात विचारलं की लोक काहीपण सांगतात, बाई. खुर्च्या मांडा. बसा. मग उठा. उठताना खुर्ची मागे सरकते ना, तिथपर्यंत ओटा."

ताईनं घरातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या. पाच. सहावी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या दुकानातून मागून आणली. मवाळ माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ताईच्या चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल होतो, त्यामुळे ओळख आहे. खुर्च्या गोल मांडल्या. गवंड्यानं भोवती चुन्याची फक्की टाकली.

"बसणार कोण एवढे?" मी.

"तू, मी, दादा, वहिनी," ताई बोटांवर मोजत होती, "चष्मेवाले. त्यांची बहीण."

"चष्मेवाले कशाला? ओट्यावर डोळे तपासायला?"

"खुर्ची त्यांची आहे."

या न्यायानं सिमेंटच्या दुकानदारालाही बसवावं लागेल!

११ ऑक्टोबर

दगडी फरशी. खाली मुरूम, खडी. पाणी घरात न शिरता बाहेर जावं म्हणून उतार. दोन पायऱ्या. मजुरी. बेरीज केली नि पाणी प्यायले. पुन्हा बेरीज केली. पाण्यानं काही फरक पडला नव्हता.

दगडाऐवजी सिमेंटचे ब्लॉक. पायऱ्या रद्द. तरी आवाक्याबाहेर. आता कमी करायला माणसंच उरली.

१२ ऑक्टोबर

दादाला फोन केला. ओट्याचं बोललेच नाही, नुसतं विचारलं, येणार का कधी? "बघतो गं. यंदा सुट्टीचं कठीण आहे." चार वर्षं तो बघतोच आहे. मागे आला होता तेव्हाही गाडीत पेट्रोल भरायला थांबल्यासारखा आला होता.

१५ ऑक्टोबर

ताईला हिशेब वाचून दाखवला. ऑफिसच्या आवाजात.

"दादा-वहिनी – उपस्थिती संशयास्पद, नामंजूर. चष्मेवाले व भगिनी – प्रयोजन नमूद नाही, नामंजूर."

ताई भांडी विसळत होती. नळ बंद केला.

"प्रयोजन लिहावं लागतं का?"

"नियम आहे."

नळ पुन्हा सुरू. "मग किती राहिले?"

"दोन."

"बरं."

ताई भांडत नाही. फार वाईट खोड आहे ही तिची. समोरच्यानं मग काय करायचं?

१९ ऑक्टोबर

गवंड्यानं मोठ्या गोलाच्या आत छोटा गोल टाकला. मागे सरून बघितलं. "बाई, राग मानू नका. हा ओटा नाही, पायपुसणं आहे."

"दोघीच तर आहोत आम्ही!"

ताई चष्मेवाल्याची खुर्ची परत द्यायला गेली. कोपऱ्यावर दुकान. दिवे लागल्यावर आली. एवढा वेळ? विचारलं नाही. तिचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

२० ऑक्टोबर

दिवसभरात ताईचं एकच वाक्य – "गॅस संपत आलाय."

२३ ऑक्टोबर

चहा घेताना ताई म्हणाली, "बये, दोघींचाही नको करूस ओटा. एकीचा कर. तेवढेच पैसे वाचतील."

रुसलीय, असं वाटलं मला. "आणि तू कुठे बसणार? माझ्या मांडीवर?"

"मी जातेय पुढच्या महिन्यात. चष्मेवाल्यांकडे. कचेरीत सह्या करायच्या, बाकी काही थाटमाट नाही. मनात होतं, सह्या करून सगळ्यांनी इथे यावं. मागे बसून चहा प्यावा. आपल्या घरी."

मी काय म्हटलं असेल? "अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"सत्तावन्नाव्या वर्षी कुणी विचारलं नाही गं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"ओटा झाल्यावर सांगणार होते. तू आधीच नामंजूर केलंस."

मग कप उचलत म्हणाली, "दादाला परवा कळवलं. येतोय. वहिनीला घेऊन. चष्मेवाले म्हणतायत, चहा त्यांच्याच दुकानात करू."

आमच्या मागच्या दारी चिखल आहे, म्हणून माझ्या बहिणीच्या लग्नाचा चहा चष्म्यांच्या कपाटांमध्ये!

२४ ऑक्टोबर

गवंड्याला येऊ नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी ताई बाहेर गेल्यावर छोट्या गोलात एकच खुर्ची मांडली. बसले. उठले. खुर्ची मागे सरकली. कुणालाच लागली नाही.

स्वयंपाकघरात दिवा लावायचा राहिला. एरवी ताई लावते.

२५ ऑक्टोबर

ऑफिसात कुणाचं तरी प्रवासाचं बिल आलं. प्रयोजन: बहिणीकडे. सही करून टाकली. शेजारच्या टेबलावरची कारकून बाई घाबरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"

२७ ऑक्टोबर

गवंड्याला फोन केला. सहा. बाहेरचा गोल अजून दिसतोय, तोच धर. दगडी फरशी, दोन्ही पायऱ्या. पुढच्या महिन्यात सह्या आहेत, त्याआधी. आकडा सांगायला लागला, तर म्हटलं, राहू दे.

येताना ताईच्या मापाच्या नव्या चपला घेतल्या. तिनं भरायला काढलेल्या बॅगेत, तळाशी ठेवल्या. जुन्या मी झिजवल्यात. त्या माझ्याकडेच राहतील.