दोन तुकड्यांचं केंद्र

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझ्या वरच्या खोलीत आणून ठेवलेली तुझी विद्यार्थिनी ठीक आहे. जेवते, हसते, माझ्या चहाला नावं ठेवते. तू रोज विचारतोस, ती झोपते का, दार आतून लावते का, कोणाला फोन करते का. एवढी चौकशी माझ्या आजारपणात केली नव्हतीस.

काल मटार सोलताना तिला म्हटलं, ते तुमचं जनरल स्पिन का काय ते सांग, आणि लवकर सांग, कुकर लावायचाय. म्हणाली, आत्या, हे गणितातले फिरवाफिरवीचे गट. प्रत्येकाचा एक सांगाडा असतो, त्याला रूट डेटम म्हणायचं. त्याच्या दोन बाजूंची अदलाबदल केली की दुसराच गट उभा राहतो, पहिल्याचा ड्युअल. इकडची चूक तिकडे उघडी पडते. तशीच तुझ्या पुस्तकातली पडली. गटाचं केंद्र म्हणजे सगळ्यांशी जमवून घेणारे घटक; मिती विषम असेल तर ते एकसंध, सम असेल तर त्याचे दोन तुकडे. तू दोन्हीकडे एकसंध धरलंस आणि पुढचं सगळं त्यावर रचलंस.

मी म्हटलं, चुकलं तर खोडायचं, त्यात काय एवढं! तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, सरांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत, हसले. म्हणाले, माझ्या पुस्तकावर सोमवारी सभा आहे, तोवर माझ्या आत्याकडे विश्रांती घे. ते हसू मला माहीत आहे रे. शेजारणीचा पोपट तुझ्या चहाड्या करायचा. तो पिंजऱ्यात मेलेला सापडला, तेव्हा तू असाच हसत जेवायला बसला होतास. कोणी काही विचारलं नाही.

परवा तू ड्रायव्हरकडून झोपेच्या गोळ्यांची पुडी पाठवलीस. सगळ्या बारीक करून तिच्या दुधात घाल, तिला सांगू नकोस, म्हणालास. मी अडाणी असेन, पण औषधवाल्याला विचारता येतं. त्याने माझ्याकडेच संशयाने बघितलं. म्हणाला, बाई, एक पुरते. एवढ्या पोटात गेल्या तर माणूस सकाळी उठत नाही. म्हणून हे पत्र. पोरगी आज पहाटेच इथून गेली. कुठे, ते सांगणार नाही. सोमवारी ती सभेत बोलेल आणि मी पुढच्या बाकावर बसेन, पुडी घेऊन. तिला मध्येच अडवलंस तर मी उठेन. तोवर इकडे फिरकू नकोस. कुलूप बदललंय.

तुझीच, अजून तरी,
आत्या