नाही कोण म्हणालं

प्रिय भाचेबुवा,

काल बक्षीसपत्रावर सही करण्याआधी वकीलबाईंनी तुला बाहेर बसवलं आणि दार लावून मला विचारलं, "आजी, सही केलीत की घर भाच्याचं. उद्या तो 'निघा' म्हणाला तर निघावं लागेल. माहीत आहे ना?"

तू तर "नुसती नावाची नोंद" म्हणाला होतास. काचेपलीकडे तुझ्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"मग नाही करायची सही," मी म्हणाले. "पण त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

"माझ्यावर ढकला. वकील अडून बसली म्हणा."

मी तसंच सांगितलं. जिना उतरताना तू त्यांना वाट्टेल ते बोललास, मी कठडा धरून तुझ्या मागून उतरत राहिले. बाळा, त्या शिव्या माझ्या वाट्याच्या होत्या. पण हे पत्र टाकायचा धीर होत नाही.

तुझीच,
मावशी